कलम चार

कोपरखैरणे
२३ एप्रिल १९९५

प्रिय भगवान,
सप्रेम जयभीम.

कंपनीतून व्हीआरएस घेऊन तू गावी गेलास त्याला आठ महिने झाले. तेवढ्यात तुझं एक कार्ड आलं, आणि त्यातली अर्धी जागा पत्त्यानेच खाल्ली. शाई महाग झाली का तुमच्या संगमेश्वर तालुक्यात?

ते जाऊ दे, कामाचं बोलतो. नवीन सरकार आलंय हे तुला कळलंच असेल. तर या सरकारने म्हणे ठरवलंय, कारभार कसा असावा ते लोकांनीच सुचवावं. गेल्या रविवारी वाशीच्या एका हॉलमध्ये सूचना ऐकायला मंत्रालयातले दोन साहेब आले होते. मी गेलो. काय एकेक नमुने जमले होते म्हणून सांगू. एका गृहस्थांनी नवी मुंबई हे वेगळं राज्य करा म्हणून चौदा टाइप केलेली पानं दिली. एका बाईंचं म्हणणं, दर बिल्डिंगला एक पगारी प्रशासक नेमा. एक आजोबा उठले आणि लष्कराच्या ताब्यात द्या म्हणून खाली बसले. साहेब सगळ्यांना ‘उत्तम, उत्तम’ म्हणत होते.

मग माझी पाळी आली. मी आपली सांगितली. आपली म्हणजे तुझी नि माझी, महाप्याच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं चघळलेली. सेक्टर सभा. सेक्टरातली माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसणार, हात वर करून ठरवणार, आणि सेक्टरातल्या मोकळ्या जागेचं काय करायचं हे त्या सभेशिवाय कोणी ठरवायचं नाही. एक साहेब चष्मा काढून बोलले, “लेखी द्या.” भगवान, ते दुसऱ्या कोणालाही ‘लेखी द्या’ म्हणाले नव्हते.

तुला माहितीये मला घाई का आहे. तळ्याजवळचं मैदान. शेजारच्या बोनकोडे गावच्या बायका संध्याकाळी मासळी-भाजी घेऊन बसतात ते. त्या प्लॉटचं टेंडर निघणार अशी कुणकुण आहे. बेलापूरच्या कचेरीत बसून कोणीतरी ठरवणार, ज्याने ते मैदान आयुष्यात पाहिलेलं नाही. तुझी घरमालकीण रंगूबाई परवा भेटली तर म्हणाली, “आमचा टोपला कुटं ठेवायचा ते पन आता बेलापूर सांगनार काय?” मी तिला शब्द दिलाय की ते मैदान बाजाराचंच राहील.

तू कलमं लिहून काढ. युनियनचे करार तू लिहायचास तसे, छोट्या वाक्यात. माझ्या हातून दोन ओळींचं निवेदन तीन पानांचं होतं.

तुझा
जयप्रकाश केळुसकर

ता. क. : वैजयंती विचारते, आंबे पाठवणार होतास त्याचं काय झालं?


मु. कोंडवाडी, ता. संगमेश्वर
५ मे १९९५

प्रिय जयप्रकाश,
सप्रेम जयभीम.

आंबे यष्टीने पाठवले आहेत. पेटी वाशीला सोडवून घे. खालचा थर आधी काढ.

सोबत दहा कलमं आहेत. दहाच्या वर जाऊ नकोस, साहेब लोक दहाव्यानंतर वाचत नाहीत. शब्दांत काय बदल करायचे ते कर, पण कलम चारला हात लावू नकोस. ते असं आहे :

“सेक्टरात किंवा लगतच्या गावात जो कोणी सलग वर्षभर राहतो, तो मालक असो, भाडेकरू असो, घरकाम करणारा असो, त्याचा हात सभेत मोजला जाईल.”

बाकीची नऊ कलमं सभा कशी चालवायची ते सांगतात. सभा कोणाची, ते फक्त हेच सांगतं. मी चौदा वर्षं बोनकोड्यात रंगूबाईच्या खोलीत राहिलो. निवडणुकीत मत दिलं. पण तुमच्या सेक्टरात पाणी कधी येणार, रस्ता कुठून जाणार, हे ठरताना मला कोणी विचारलं नाही, कारण मी कुठल्याच बिल्डिंगचा नव्हतो. गावाची पंचायत होती तोवर रंगूबाई तरी जाऊन भांडायची. महापालिका आली आणि पंचायतही गेली.

इथे मला आमच्या वाडीच्या पाणी समितीवर घेतलं आहे. मिटिंगला सात जण येतात, त्यातले दोन झोपतात. तरी बरं चाललं आहे.

वहिनींना जयभीम. निशांतचा दहावीचा निकाल कळव.

तुझा
भगवान तांबे


कोपरखैरणे
२ जुलै १९९५

प्रिय भगवान,

निशांत अठ्ठ्याहत्तर टक्के. पेढे पोस्टाने पाठवता येत नाहीत, तेव्हा कल्पनेने खा. आंबे अप्रतिम होते, खालचा थर मात्र वैजयंतीने शेवटीच काढला.

योजना मेमध्ये दिली. मग सव्वा महिना चूप. मी मंत्रालयात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा फाइल ‘आवक’मध्ये होती. दुसऱ्यांदा ती ‘वर’ होती. वर गेलो तर ती खाली गेली होती. तिथे एक शिपाई मला आता नावाने ओळखतो आणि लांबूनच मान हलवतो. एवढा डोक्याला ताप मी कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये तीस वर्षांत करून घेतला नव्हता.

आणि मग एकदम पत्र. सात त्रुटी काढल्यात, आणि पूर्तता आठ दिवसांत करा म्हणे. स्वतः सव्वा महिना झोपले आणि मला आठ दिवस! सभेची नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती, सभासद म्हणजे नेमकं कोण आणि त्याचा पुरावा काय, इतिवृत्त कोणी ठेवायचं, अशा सतरा भानगडी. तुला विचारायला वेळच नव्हता, पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मुदत संपली असती. मी, वैजयंती आणि आमच्या सोसायटी फेडरेशनचा सेक्रेटरी नंदकिशोर, तिघे दोन दिवस डायनिंग टेबलाला चिकटून बसलो. सोसायटीचे उपविधी हाताशी होते म्हणून निभावलं. दहा वर्षं ते पुस्तक वापरतोय, कुठलं पान कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. बारीकसारीक फेरफार करून सातव्या दिवशी नेऊन दिलं.

पंधरा सोसायट्यांनी पाठिंब्याची पत्रं दिलीत. आता जीव टांगणीला आहे.

तुझा
जयप्रकाश


कोंडवाडी
१४ जुलै १९९५

प्रिय जयप्रकाश,
सप्रेम जयभीम.

निशांतचं अभिनंदन.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्रुटींची यादी तू लिहिलीस, उत्तरं लिहिली नाहीस. ‘सभासद म्हणजे कोण’ याला काय उत्तर दिलंत? कलम चार तसंच आहे ना? आणि उपविधी कुठे लागले? उपविधी बिल्डिंगचे असतात.

एवढं कळव.

भगवान


कोपरखैरणे
२० सप्टेंबर १९९५

प्रिय भगवान,

पत्राला उशीर झाला, पण बातमी अशी आहे की तू माफ करशील.

मंजुरी आली! प्रायोगिक तत्त्वावर, एका वर्षासाठी, एकाच सेक्टरात, आपल्या. तळ्याजवळच्या मैदानाचा वापर काय असावा हे सभेने ठरवावं आणि संबंधित कचेरीने ते मानावं, असं चक्क लिहिलंय. मी ते पत्र घेऊन खाली उतरलो आणि मंत्रालयाच्या फाटकासमोर उभा राहून परत वाचलं. त्या शिपायाने मला चहा पाजला. भगवान, मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पहिली सभा रविवार २९ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता, शाळेच्या पटांगणात. दिवाळी होऊन जाते, लोक गावाहून परततात. एकच विषय ठेवलाय. मैदान बाजारासाठी राखावं आणि तिथे पाण्याच्या नळासकट पक्के ओटे बांधावेत. मी ठराव लिहून ठेवलाय. पंचवीस ओटे, बोनकोड्याच्या बायकांना पहिलं प्राधान्य. रंगूबाईला सांगितलं तर तिने मला दोन पापलेटं नुसती दिली. नको नको म्हटलं तर रागावली.

कलम चारचं म्हणशील तर ते मी बघितलंय. तू काळजी करू नकोस. शासनाला पुरावा लागतो रे, नुसतं ‘राहतो’ म्हणून भागत नाही, त्यामुळे भाषा जरा बदलावी लागली. माणसं आपलीच आहेत. पंधरा सोसायट्यांतल्या प्रत्येक घरात त्या बायकांकडची मासळी शिजते, ती माणसं काय त्यांच्या पोटावर पाय देणार आहेत?

तू यायला हवा होतास. पण एवढा प्रवास तुझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही. सगळं सविस्तर कळवतो.

तुझा
जयप्रकाश


कोपरखैरणे
२ नोव्हेंबर १९९५

प्रिय भगवान,

हरलो.

सभा झाली. तीनशे अठरा माणसं आली, गुलाबी कार्डं छापली होती, ती वर करून मत द्यायचं. मी अध्यक्ष. मी ठराव वाचला. लगेच कोपऱ्यातून उपसूचना : ओटे नकोत, मैदानाला भिंत घालून बाग करावी, आत चालायला ट्रॅक करावा. वास येतो म्हणे. संध्याकाळी रहदारी होते म्हणे. पाहुणे आले की लाज वाटते म्हणे. एका डॉक्टरने उठून माशांवर दहा मिनिटं भाषण ठोकलं, खायच्या नव्हे, बसायच्या. टाळ्या.

मी सांगायचं तेवढं सांगितलं. कार्डं वर झाली. बागेला दोनशे एक्क्याण्णव, ओट्यांना सत्तावीस. मी समोर बसून मोजत होतो. दुसऱ्या रांगेत वैजयंतीचं कार्ड वर होतं, बागेला. घरी आल्यावर म्हणते, “माझे गुडघे दुखतात, मला चालायला जागा नको?” तेव्हापासून आमच्या घरात जेवताना फक्त वरण दे, भात दे, एवढंच बोलणं होतं.

मला स्वतःला मत नव्हतं. अध्यक्षाला समसमान झाली तरच मत.

रंगूबाई आणि गावातल्या आणखी आठ-नऊ जणी आल्या होत्या. मागच्या बाजूला बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. सभा संपायच्या आत उठून गेल्या.

मला या माणसांची शिसारी आली आहे. सरकारला नावं ठेवण्यात आयुष्य घालवलं, आणि हातात सत्ता दिली तर पहिलं काम काय केलं, भिंत घातली. यापेक्षा बेलापूरचा तो न पाहिलेला साहेब परवडला, त्याला निदान वास तरी येत नव्हता. त्या लष्करवाल्या आजोबांचं आता मला पटायला लागलंय. लोकांची लायकीच नाही.

तू चार शब्द लिही. इथे बोलायला कोणी उरलं नाही.

जयप्रकाश


कोंडवाडी
१३ नोव्हेंबर १९९५

जयप्रकाश,
जयभीम.

मी आलो होतो.

तुला सांगितलं नाही, म्हटलं एकदम समोर उभा राहीन. यष्टीने सकाळी वाशीला उतरलो, तिथून बसने आलो. साडेनऊला शाळेच्या फाटकात होतो. टेबलापाशी नंदकिशोर बसला होता. तो मला ओळखत नाही, त्याचा दोष नाही. त्याने विचारलं, “शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स?” मी म्हटलं, मी बोनकोड्यात भाड्याने होतो. तो म्हणाला, “मग निमंत्रितांत बसा काका, तिकडे मागे, त्या बायका बसल्यात ना तिथे. कार्ड नाही मिळणार.”

मला कार्ड नकोच होतं. मी आता इथे राहतो, तिथल्या मैदानावर माझा हात मोजायचं काही कारण नाही. माझ्याच कलमाने मी बाहेर आहे आणि ते मला मान्य आहे. पण त्याने मला तू कुठे राहतोस हे विचारलं नाही. तुझ्याकडे काय आहे, हे विचारलं. टेबलावर छापील नियम ठेवले होते, त्यातला एक घेतला. कलम चार : “सभासद म्हणजे सेक्टरातील नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेचा भागधारक.” एवढंच. भाडेकरू नाही, घरकाम करणारी नाही, अख्खं बोनकोडे नाही. ज्या गावाच्या जमिनीवर तुमचा सेक्टर उभा आहे, ते गाव त्या सभेत पाहुणं होतं.

तू लिहितोस, त्या काही बोलल्या नाहीत. मी रंगूबाईच्या शेजारी उभा होतो, जयप्रकाश. ती उठली. म्हणाली, “आमच्या बसायच्या जागंचा बोलताव ना, मंग आमाला पन इचारा.” सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. तू समोरच्या कागदातून मान वर न करता घंटी वाजवलीस. माइकवरून म्हणालास, “निमंत्रितांनी कृपया चर्चेत भाग घेऊ नये.” ती खाली बसली नाही, तर तू पुन्हा वाजवलीस.

कंपनीत साहेब आम्हाला युनियनच्या मिटिंगमध्ये गप्प करायचे तेव्हा ‘कृपया’ म्हणत नव्हते. ते बरं होतं.

मी तुला न भेटता निघालो, कारण त्या वेळी मी काय बोललो असतो मला ठाऊक नव्हतं. आता शांत झालो आहे, म्हणून लिहितो. लोकांची लायकी काढू नकोस. ज्यांना बाग पाहिजे त्यांनी बाग मागितली, त्यात वावगं काय? ज्यांना बाजार पाहिजे होता त्यांना तू बाहेर बसवलंस आणि मग मतं मोजलीस.

आणि हे तुला जुलैमध्येच माहीत होतं. मी पत्र पाठवून विचारलं होतं.

भगवान


कोपरखैरणे
१० डिसेंबर १९९५

प्रिय भगवान,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. सफाई द्यायची नाही असं ठरवून बसलोय, तरी काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

आठ दिवसांची मुदत होती, हे खरं. ‘पुरावा काय’ म्हणून विचारलं होतं, हेही खरं. पण ते कलम मी घाईत बदललं नाही. तुझा कागद समोर होता. मी नंदकिशोरला वाचून दाखवला. तो म्हणाला, काका, गाववाले नि भाडेकरू आत आले तर पंधरातल्या बारा सोसायट्या पाठिंबा काढून घेतील. त्याने फोन करून दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारलंसुद्धा. दोघांनीही हेच सांगितलं. मग मी उपविधी उघडले. त्यात सभासदाची व्याख्या तयार होती, पुरावाही तयार होता. भगवान, मला तेव्हा हायसं वाटलं. आता लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याची. मनात म्हटलं, एकदा योजना पास होऊ दे, मग हळूच दुरुस्ती करू. आणि तुला कळवायचं टाळलं, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं.

घंटीचं मी विसरलो नव्हतो. लिहवलं नाही.

दुरुस्तीसाठी मंत्रालयात अर्ज दिला. या वेळी बारा दिवसांत उत्तर आलं, बघ कसे तत्पर झालेत. योजना अत्यंत स्तुत्य ठरली आहे आणि आणखी अकरा सेक्टरांत लागू करण्याचा विचार आहे. सभासदाच्या व्याख्येत बदल सभासदांच्याच दोन तृतीयांश बहुमताने होऊ शकेल, प्रस्तावकास तसा अधिकार नाही. म्हणजे आत बसलेल्यांनी मत दिलं तर दार उघडणार.

तरी सभा बोलावली. एक्केचाळीस जण आले. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास थांबलो, मग उपविधीप्रमाणे तीच सभा चालवली. नऊ हात वर झाले. या वेळी वैजयंतीचा होता. तिने माझ्याकडे न बघता कार्ड वर धरलं. बाकी बत्तीस विरोधात. नंदकिशोर मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, तुम्हीच हे छान बनवलंत, आता तुम्हीच का मोडताय?” त्याला खरंच कळत नव्हतं. इतका सरळ पोरगा आहे, कधी कोणाचं वाईट केलेलं नाही, त्याच्यावर ओरडायलाही येईना.

भिंतीचं काम सुरू झालंय. बायका आता नाल्याच्या कडेला बसतात. मी त्या रस्त्याने जात नाही. बसस्टॉपला लांबून वळसा घालतो.

मला माफ कर.

जयप्रकाश


कोंडवाडी
२८ डिसेंबर १९९५

प्रिय जयप्रकाश,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. मला माफी मागून काय होणार? माझं टोपलं त्या मैदानात नव्हतं. रंगूबाईकडे जा. वळसा घालू नकोस.

तिच्या घरात चौदा वर्षं काढली, तेव्हा एक सांगतो. जाताना योजना घेऊन जाऊ नकोस. ती काय म्हणते ते ऐक. मधे बोलू नकोस. तुला ते जड जाईल.

वहिनींनी दुसऱ्यांदा हात वर केला, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्याशी नीट बोल.

भगवान


कोपरखैरणे
२१ जानेवारी १९९६

प्रिय भगवान,

गेलो. लगेच नाही गेलो, पंधरा दिवस नुसतंच आज जाऊ उद्या जाऊ केलं. मग वैजयंती म्हणाली, “मी येते चला.” दोघं गेलो.

रंगूबाई नाल्याच्या कडेला बसली होती. मी म्हटलं, माझं चुकलं. पाठ करून गेलो होतो ते पुढचं सगळं विसरलो. ती कोलंबी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, “चुकला तर चुकला. तुमी वाईट नाय. भगवान सांगायचा, केळुसकर मानूस बरा हाय, फक्त आयकत नाय.” हे तू तिला सांगत होतास होय? मला कधी बोलला नाहीस.

मग तिने वैजयंतीला विचारलं, बागेत जाता का चालायला. वैजयंती म्हणाली, गुडघे दुखतात, पण अजून फाटक लागलेलं नाही. रंगूबाई म्हणाली, “लागला की जावा. गुडगं दुखतान तर चालाया पायजे.” त्यात टोमणा नव्हता, भगवान. मी शोधला, सापडला नाही.

मग म्हणाली, “तुमचा अक्षर चांगला हाय ना? यक अर्ज लिवून द्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या देवळाच्या ओट्यावर बसलो. पंचवीस-तीस बायका, थोडे पुरुष. त्यांचा अर्ज सरकारला होता. मला वाटलं, मैदान परत द्या म्हणतील. तसं नाही. रंगूबाई म्हणाली, “आमची पंचायत होती. ब्यान्नव साली मोडली. कोनी इचारला नाय. ती पायजे.” मी म्हणायला गेलो, महापालिकेच्या हद्दीत कायद्याने पंचायत होत नाही, त्यापेक्षा आपण असं करू... तेवढ्यात तुझं पत्र आठवलं आणि तोंड मिटलं. मिटायला खरोखर जड गेलं.

तीन वेळा लिहून घेतलं त्यांनी. पहिल्या खेपेला मी सुरुवात केली, ‘सविनय सादर’. त्यांनी वाचून घेतलं आणि काढायला लावलं. ‘नम्र विनंती’ काढायला लावली. ‘आम्ही मागतो’ घाला म्हणाल्या. ‘पर्यायी व्यवस्थेचा विचार व्हावा’ असं मी शेवटी हळूच घुसवलं होतं. एका म्हातारीने विचारलं, “ह्ये काय?” समजावून सांगितलं, तर म्हणाली, “ह्ये तुमचा हाय. आमचा नाय.” तेही गेलं. उरल्या सहा ओळी. इतकं कमी मी जन्मात लिहिलेलं नाही, आणि खरं सांगू का, आपल्या दहा कलमांपेक्षा ते बरं उतरलं.

मग सह्या, अंगठे सुरू झाले. एकशे त्रेचाळीस झाले. मी शाईचा पॅड धरून बसलो होतो. सगळ्यांचं झाल्यावर मी खिशातलं पेन काढलं आणि खाली माझं नाव लिहायला वाकलो. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. रंगूबाईने कागद ओढून घेतला.

“तुमची नको.”

मी म्हटलं, “का? मीच तर लिहिलाय.”

“लिवलाव, पन तुमी गावचं नाय.”

मी म्हटलं, मी अकरा वर्षं तीनशे पावलांवर राहतोय. ती म्हणाली, “सेक्टरात राहताव.” बाकीच्या बायकांपैकी कोणी हसलंही नाही. एकीने मला पाणी दिलं.

भगवान, मला इतका राग आला की घरी येईपर्यंत कान तापले होते. वैजयंतीला म्हटलं, यांच्यासाठी मंत्रालयाच्या खेपा घातल्या, सभा घेतली, शेजाऱ्यांत वाईट झालो, आणि माझी एक सही चालत नाही? कोण समजतात स्वतःला? असा अर्धा तास बडबडत होतो. तिने मला बडबडू दिलं. मग एवढंच म्हणाली, “भगवानभाऊजी त्या टेबलापाशी वाद न घालता मागे जाऊन उभे राहिले होते ना?”

त्या रात्री मी जेवलो नाही. तू सकाळी वाशीला उतरून आला होतास, दुखऱ्या गुडघ्यांनी, मला खूश करायला. आणि मी समोर बसून घंटी वाजवत होतो. हे मी तुझ्या पत्रात वाचलं होतं, त्याचं वाईटही वाटलं होतं, पण कसं वाटतं ते मला काल कळलं.

अर्जाचं काही होणार नाही. ‘आवक’मध्ये जाईल, वर जाईल, खाली येईल. त्यांना मी हे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. रंगूबाईच म्हणाली की नाय देनार, पन मागितला नाय असा नको व्हायला.

सव्वीस जानेवारीला बागेचं उद्घाटन आहे. फेडरेशनने संगमरवरी पाटी केली आहे, त्यावर ‘सेक्टर सभेचे जनक’ म्हणून माझं नाव कोरलंय. काढा म्हणून अर्ज दिला. नंदकिशोर म्हणाला, विषय पुढच्या सभेत ठेवू.

उद्या सोमवारी गावातल्या सगळ्याजणी मंत्रालयात जाणार आहेत, बस ठरवली आहे. कुठल्या मजल्यावर जायचं, कोणत्या खिडकीशी उभं राहायचं, तो शिपाई कोण, सगळं कागदावर लिहून दिलंय. मला बोलावलेलं नाही.

तुझा
जयप्रकाश